रिदमिक जिम्नॅस्टिक्स : मुलींना कोणती विजेती दाखवावी?

तापीकाठ
राम राम मंडळी. 29 ऑगस्टला क्रीडा दिनानिमित्त भुसावळच्या एका व्यायामशाळेत मुलींसाठी रिदमिकचं, म्हणजे हूप, बॉल, रिबन अशा वस्तू हातात घेऊन संगीतावर करायच्या जिम्नॅस्टिक्सचं, चाळीस मिनिटांचं सत्र ठरलंय. मुली 8 ते 12 वयाच्या, बहुतेक दोरीच्या मल्लखांबावरच्या. पडदा आणि प्रोजेक्टर आहे. प्रात्यक्षिकासाठी एक हूप, दोन बॉल आणि एक रिबन मिळेल.

प्रश्न असा की, एकाच विजेतीचा प्रवास दाखवायचा झाला तर कोणाचा? माझ्यापुढे तीन नावं आहेत. रशियाची येवगेनिया कानाएवा, दक्षिण कोरियाची सोन यॉन-जे आणि जर्मनीची दार्या वार्फोलोमेयेव्ह. माझा कल कानाएवाकडे. 2008 बीजिंग आणि 2012 लंडन, वैयक्तिक सर्वसाधारण (सगळ्या प्रकारांच्या बेरजेच्या) स्पर्धेत ऑलिंपिकचं सुवर्ण दोनदा जिंकणारी ती एकटीच. 2009 साली जपानमध्ये मिए इथे झालेल्या जागतिक स्पर्धेत तिने सहापैकी सहा सुवर्णपदकं नेली. यापुढे बोलायला जागा राहते का?

सातपुडा
जागा राहते. आठ वर्षांच्या मुलीला सहा सुवर्णं आणि एक सुवर्ण यातला फरक कळत नाही. तिला चेहरा कळतो, संगीत कळतं, हातातली वस्तू कळते. सोन यॉन-जे दाखवा.

तिच्या नावावर ऑलिंपिकचं एकही पदक नाही, तरी कोरियात घरोघरी नाव पोचलं. 2010 च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत कांस्य, तेव्हा ती 16 वर्षांची. 2012 लंडनला पाचवी. 2014 ला आशियाई स्पर्धा तिच्याच देशात, इंचिऑनला भरली आणि तिथे घरच्या प्रेक्षकांसमोर सुवर्ण. 2016 रिओला चौथी. 2017 ला निवृत्ती. मधल्या काळात टीव्हीवर जाहिराती, आणि 2011 पासून तिच्याभोवती उभा केलेला प्रदर्शनाचा कार्यक्रम, ज्यात परदेशी विजेत्या कोरियात येऊन सादरीकरण करायच्या. लोकप्रियता तिथून आली. लोकांना वर्षातून एकदा तरी हा खेळ समोर बसून बघायला मिळाला.

पंच_धुळे
सातपुडाताईंच्या मुद्द्यात आकडे घालतो. लंडनमध्ये कांस्यपदक बेलारूसच्या ल्युबोव चार्काशिनाला 111.700 गुणांवर मिळालं. अझरबैजानची आलिया गारायेवा 111.575 वर चौथी आणि सोन 111.475 वर पाचवी. म्हणजे पदक हुकलं 0.225 ने, आणि तिचा सगळ्यात कमी गुणांचा प्रकार होता क्लब्स, म्हणजे छोट्या मुद्गलांसारखी जोडी. रिओत कांस्य युक्रेनच्या गान्ना रिझात्दिनोवाला 73.583 वर, सोन 72.898.

आता हे 0.225 म्हणजे किती, ते मुलींना हातात बॉल देऊन दाखवा. साहित्य हातून सुटलं आणि जागेवरच उचललं तर 0.50 वजा. एक-दोन पावलं टाकून उचललं तर 0.70. तीन किंवा जास्त पावलं गेली तर 1.00. चौकटीच्या रेघेबाहेर पाय किंवा साहित्य गेलं तर 0.30. वेळ 1 मिनिट 15 सेकंद ते 1 मिनिट 30 सेकंद, त्याच्या वर-खाली प्रत्येक सेकंदाला 0.05. बॉल एकदा पायाशी पडून जागेवरच उचलला, तरी सोनचं लंडनचं पदक जेवढ्याने हुकलं त्याच्या दुपटीहून जास्त गुण जातात.

माहेर_अमळनेर
एक शंका. या सगळ्यात दीपा कर्माकर का नाही? आपली आहे, अगरतळ्याची आहे, मुलींना नाव माहीत आहे.

पंच_धुळे
@माहेर_अमळनेर ताई, दीपा आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्समधली. व्हॉल्ट, अनइव्हन बार, बीम, फ्लोअर हे तिचे प्रकार. रिदमिकमध्ये हूप, बॉल, क्लब्स, रिबन, आणि लहान गटात व सांघिक प्रकारात कधी कधी रोप. हवेत फिरते ती वस्तू, आणि ती खाली येईपर्यंत खेळाडू जमिनीवर फिरते. मुलींनी दीपाचा प्रोदुनोवा (व्हॉल्टवरची तिची अवघड उडी) पाहिला आणि मग हातात रिबन मिळाली, तर दोन्ही खेळांची गल्लत होईल.

एक योगायोग मात्र सांगण्यासारखा आहे. रिओत दीपाला 15.066 मिळाले, कांस्यपदक 15.216 ला गेलं. फरक 0.150. टोकियोत रिदमिकचं सुवर्ण इस्रायलच्या लिनॉय आश्रामने 107.800 वर घेतलं आणि रशियाची दिना आवेरिना 107.650 वर राहिली. फरक पुन्हा 0.150.

सरळरेष
टोकियोचा निकाल मुलींना दाखवूच नये. आश्रामच्या हातून रिबन पडली, तरी सुवर्ण. रशियाची 2000 पासूनची सलग पाच वैयक्तिक सुवर्णं तिथे थांबली आणि त्यावर आजही भांडणं होतात. लहान मुलींना "पडलं तरी चालतं" असं वाटेल.

पंच_धुळे
उलट तेच दाखवायला हवं, फक्त नीट समजावून. काठिण्याच्या गुणांना वर मर्यादा नाही. कलात्मकता आणि सफाई हे दोन भाग मात्र आता प्रत्येकी 10 मधून वजा होत जातात, टोकियोत दोन्हींची वजाबाकी एकाच 10 मधून होती. पडलेल्या रिबनचे गुण कापले गेलेच. पण बाकी तीन प्रकारांत तिने जी काठिण्याची शिदोरी बांधली होती ती पुरली. चारही प्रकारांची बेरीज असते, एका प्रकाराचा निकाल नसतो. मल्लखांबाच्या मुलींना हे लगेच पटेल, संच संपेपर्यंत त्याही गुण मोजत असतातच.

सातपुडा
पडल्याची खरी गोष्ट रिओची. याना कुद्र्यावत्सेवा, 2013, 14 आणि 15 ची जागतिक सर्वसाधारण विजेती. अंतिम फेरीत क्लब्सच्या रचनेचा शेवट, शेवटचा झेल, आणि क्लब हातात बसला नाही. सुवर्ण मार्गारिता मामुनला 76.483, यानाला 75.608. तो शेवटचा क्षण थांबवून दाखवा.

केळीचं_पान
विषय थोडा बाजूला नेते. दाखवून झाल्यावर मुली विचारतील, "आम्हाला रिबन कुठे मिळेल?" याचं उत्तर तयार ठेवा. आंतरराष्ट्रीय बनावटीची महाग पडते. शिकण्यापुरती इथेच बनते, अशी:

पट्टी साटीनची, रुंदी 4 ते 6 सेंमी लागते, म्हणजे कापड बाजारातली दोन इंची पट्टी बरोबर बसते. मोठ्या गटाला लांबी 6 मीटर, ज्युनिअरला 5. काठीकडचा पहिला 1 मीटर दुहेरी शिवायचा असतो, म्हणून 6 मीटरसाठी 7 मीटर पट्टी घ्या, 5 साठी 6. बारीक वयाच्या मुलींना आधी 3 किंवा 4 मीटरच द्या. लांब रिबन लहान हाताने जमिनीवरून उचललीच जात नाही, शेपूट ओढल्यासारखी मागे राहते.

काठी 50 ते 60 सेंमी, जाडी 1 सेंमीपर्यंत. टोकाला फिरती कडी हवीच. ती नसेल तर रिबनला पीळ बसतो आणि दहाव्या वळशाला गाठ. ही कडी मासेमारीच्या गळाच्या दुकानात मिळते, तापीकाठच्या बाजारात मागा. मधली फिरकी अडकत नाही ना, ते बोटाने फिरवून बघा.

वजन काठी सोडून किमान 35 ग्रॅम. घरच्या काट्यावर ते नीट कळत नाही. जळगावात सराफाच्या काट्यावर ठेवा, मिलीग्रॅमपर्यंत कळेल. पट्टी फार पातळ घेतली तर 35 भरत नाही आणि हवेत लाट धरत नाही, नुसती तरंगते. उलट कडक, खळ दिलेली पट्टी नियमात बसत नाही आणि मोडते.

तापीकाठ
@केळीचं_पान ताई, हे तर सत्राचंच साहित्य झालं. सराफाच्या काट्याची सूचना फार आवडली. सुवर्णनगरीचा असाही उपयोग!

पंच_धुळे
रिबनची परीक्षा कशी घ्यायची, तेही लिहून ठेवा. सर्पाकृती किंवा वर्तुळं काढताना 4 ते 5 लाटा एकसारख्या उंचीच्या आणि एकमेकींना खेटून यायला हव्यात. पहिली मोठी आणि पुढच्या मरत गेल्या, म्हणजे मनगट थांबून खांदा काम करतोय. काठी तर्जनीच्या बाजूला टेकवायची, मुठीत आवळायची नाही. गाठ पडली आणि खेळाडू न थांबता खेळत राहिली तर 0.30, थांबून सोडवावी लागली तर 0.50.

खळवाट
आपल्याकडची मोठी अडचण पंख्याची आहे. मे महिन्यात जळगावचा पारा 45 च्या आसपास, पंखा बंद केला की मुली बसतात, सुरू केला की रिबन पात्यांकडे ओढली जाते. शिवाय मंगल कार्यालयात पंखा दहा-अकरा फुटांवर लटकतो. उंच फेकीचा नियम खेळाडूच्या उंचीच्या दुपटीहून वर असा आहे. 135 सेंमी उंचीची मुलगी धरली तर 270 सेंमी, म्हणजे नऊ फूट. हूप पंख्याला लागणारच. म्हणून उन्हाळ्यात सकाळी सहा ते आठ उघड्यावर फेकी, आणि आतमध्ये फक्त बॉल आणि शरीराचं काम.

कोरड्या हवेत साटीनला स्थिर वीज धरते, पट्टी पायाला चिकटते. हात ओलसर करून पट्टीवरून एकदा फिरवला की सुटते. पावसाळ्यात उलट, दमटपणाने जड होते. सरावानंतर सैल गुंडाळून ठेवायची, चुरगळली तर कमी तापाची इस्त्री.

माहेर_अमळनेर
आणि हूप? मुलांच्या खेळण्यातला चालतो का?

खळवाट
हाताची ओळख व्हायला चालतो, स्पर्धेला नाही. नियमाचा हूप आतल्या बाजूने 80 ते 90 सेंमी व्यासाचा, वजन किमान 300 ग्रॅम. खेळण्यातला तुकडे जोडलेला, पोकळ, आणि जोडावर खटका देतो. जमिनीवर सोडला की सरळ जात नाही, वळतो. पत्र्याच्या शेडखाली किंवा गाडीच्या डिकीत ठेवला तर दोन दिवसांत अंडाकृती. सपाट जमिनीवर, सावलीत, आडवा ठेवायचा. टेप गुंडाळली तर वजन वाढतं, तेही मोजून घ्या.

बॉल 18 ते 20 सेंमी, 400 ग्रॅम. तो पकडायचा नसतो, तळव्यावर बसवायचा असतो. बोटं मिटली की चूक. उन्हाने आतली हवा फुगते आणि बॉल टणक होतो, मग हातावरून घरंगळताना उड्या मारतो. सकाळीच हवा तपासा. धुळीने निसरडा झाला तर साध्या साबणाने धुवा. क्लब्स प्रत्येकी 150 ग्रॅम, 40 ते 50 सेंमी. मुलींना सुरुवातीला देऊ नका, डोक्याला लागतात.

सरळरेष
धागा साहित्याकडे गेला, चांगलंच झालं, पण शरीराचंही कोणीतरी लिहा. व्हिडिओ बघून मुली घरी ओसरीवर पाय ताणायला बसतात. खुर्चीवर पाय ठेवून स्प्लिट, आणि कोणीतरी मागून दाबतं.

पंच_धुळे
बरोबर. तापीकाठ, सत्रात हे आधी सांगा. आधी अंग नीट तापवायचं, त्याआधी ताण नाही. वाकताना कंबरेच्या खालच्या मणक्यांवर सगळा भार येऊ देऊ नये, छाती आणि खांदे आधी मोकळे करायचे. वाढत्या वयात तेच ते मागे वाकणं रोज झालं की कमरेच्या मणक्याला सूक्ष्म तडा जाऊ शकतो. दुखणं दोन आठवड्यांत गेलं नाही तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं, तेल चोळत बसायचं नाही. फरशीवर उड्या नकोत, नडगी धरते.

मल्लखांबाच्या मुलींची पकड आणि पोटाची ताकद तयार असते. कमी पडतं ते पाऊल. पंजा ताणलेला राहणं, टाचेवर नव्हे तर चवड्यावर उभं राहून गिरकी, पाय कंबरेतून बाहेर फिरवणं. पहिले सहा महिने हेच. आणि खाण्यावर बंधनं घालू नका. भाकरी, भाजी, वरण, दूध नीट मिळालंच पाहिजे.

अहिराणी_भाऊ
सर्वांनी मस्त लिखं शे. आते मन्हा मुद्दा. तिघी मोठ्या आहेत, पण आपल्या मुलींना "हे आपल्या गावात होऊ शकतं" असं कोण सांगेल? त्यासाठी मी चौथं नाव देतो. सोफिया राफाएली, इटली.

2022 ला सोफिया शहरात झालेल्या जागतिक स्पर्धेत ती सर्वसाधारण विजेती झाली, इटलीची पहिलीच. 2024 पॅरिसला कांस्य, 136.300. आणि ती तयार झाली फाब्रियानो गावात. हे गाव कागदासाठी शतकानुशतकं प्रसिद्ध, वस्ती सुमारे तीस हजार. आपलं चोपडा, शहादा, अमळनेर त्याहून मोठं! तिथल्या एका क्लबमधून ती आली आणि मिलेना बाल्दास्सारीही आली. रोम नाही, मिलान नाही. एक सभागृह, काही चिकाटीच्या प्रशिक्षक, आणि वर्षानुवर्षं तेच काम.

सातपुडा
@अहिराणी_भाऊ, पटलं. याच नजरेने बघितलं तर कानाएवा आणि वार्फोलोमेयेव्हही राजधानीच्या नाहीत. कानाएवा सायबेरियातल्या ओम्स्कची. त्याच ओम्स्कमधून इरिना चाश्चिना, 2004 अथेन्सचं रौप्य. वार्फोलोमेयेव्हचा जन्म सायबेरियातल्याच बार्नाऊलचा. बाराव्या वर्षी जर्मनीला गेली, स्टुटगार्टजवळ श्मिडेनच्या केंद्रात. प्रशिक्षक युलिया रास्किना, जिने 2000 सिडनीला बेलारूससाठी रौप्य मिळवलं होतं. 2023 ला व्हॅलेन्सियात वैयक्तिक पाचही सुवर्णं, 2024 पॅरिसला 142.850 गुणांनी सुवर्ण, वय 17. जर्मनीचं रिदमिकमधलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण.

माहेर_अमळनेर
मग लोकप्रियता? सातपुडाताई, तुमचा मूळ मुद्दा तोच ना?

सातपुडा
हो. माझं मत बदललं नाही, थोडं रुंद झालं. सोन लोकप्रिय झाली कारण खेळ प्रेक्षकांसमोर वारंवार आला. बल्गेरियात हेच ऐंशीच्या दशकात झालं. नेश्का रोबेवांच्या हाताखालच्या मुलींना लोक "सोनेरी मुली" म्हणत, आणि बियांका पानोव्हाने 1987 ला त्यांच्याच वार्नात प्रत्येक प्रकारात पूर्ण 10 घेतले. घरच्या मैदानावर, घरच्या लोकांसमोर. आलिना काबायेवाची प्रसिद्धीही अशीच मोठी होती, 2000 सिडनीला हूप चौकटीबाहेर गेला आणि कांस्यावर राहिली, 2001 ची जागतिक पदकं बंदी असलेल्या औषधामुळे काढून घेतली, तरी 2004 ला सुवर्ण घेतलं. तिची गोष्ट आठ वर्षांच्या मुलींसाठी नको, मोठ्यांसाठी ठेवा.

आणि घरचं नाव हवंच. ठाण्याची संयुक्ता काळे, 2022 ला पंचकुलाच्या खेलो इंडियात महाराष्ट्रासाठी सुवर्णं घेणारी. मराठी बोलणारी मुलगी हे करते, एवढं मुलींनी पाहिलं की पुरे.

सरळरेष
हे मान्य. टोकियोबद्दलचा माझा आग्रह मागे घेतो, पण पंचांनी सांगितलेल्या बेरजेसकटच दाखवा.

तापीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. कानाएवाचा हट्ट सोडला. आता आखणी अशी :

सुरुवातीला फाब्रियानो नकाशावर, शेजारी अमळनेर, आणि राफाएलीची हूपची रचना पूर्ण नव्वद सेकंद, मध्ये बोलणं नाही. मग सोनची इंचिऑनची रचना, टाळ्यांच्या आवाजासकट. मग यानाचा शेवटचा क्लब, थांबवून. कानाएवाची रिबन फक्त लाटा मोजायला, मुलींनी मोठ्याने मोजायच्या. शेवटी संयुक्ता. व्हिडिओ एकूण 15 मिनिटं. पुढची 25 मिनिटं हातात बॉल, आणि केळीचं_पान ताईंच्या मापाची 4 मीटरची रिबन. दोन मुली एका रिबनवर, पंखे बंद.

एकच राहिलं. चौकट 13 बाय 13 मीटरची खऱ्या मापाने आखून दाखवायची आहे. व्यायामशाळेत कबड्डीच्या मॅट आहेत, एक मीटरच्या.

खळवाट
पुरुषांच्या कबड्डीचं मैदान 13 बाय 10 असतं, म्हणजे 130 मॅट असतीलच. 39 अजून मिळाल्या की 169 पूर्ण. नाही मिळाल्या तर उरलेली तीन मीटरची पट्टी खडूने आखा. पण मॅटवर गिरक्या घ्यायला लावू नका, फोमला पाय धरतो आणि गुडघा पिळतो. गिरकीसाठी वर पातळ सतरंजी ताणून, कडा टेपने चिकटवून.

पंच_धुळे
आणि आखताना काटकोन डोळ्यांनी धरू नका, चौकट तिरकी होते. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फीत लावा. दोन्ही कर्ण 18 मीटर 38 सेंमी आले की चौकट बरोबर. फीत 20 मीटरची न्या.